सुट्टीतली शाळा

१२ जानेवारी २०२६
काठीजवळचा पाडा, ता. अक्कलकुवा

यामिनी मॅडम,

इंद्रसिंगच्या फोनवर तुम्ही पाठवलेला निरोप त्याने परवा मला वाचून दाखवला. "धनु, उन्हाळी विज्ञान शिबिराने तुझं आयुष्य कसं बदललं ते दोन पानांत लिहून पाठव. यंदाच्या माहितीपत्रकात इंद्रसिंगचं मनोगत आहेच, एका मुलीचंही हवं. मनापासून लिही. फोटो शाळेच्या गणवेशातला पाठव." पुढे दोन फुलं आणि जोडलेले हात.

मनापासून लिही म्हणालात ना? मग बसा वाचत. दोन पानांत मावणार नाही, आधीच सांगते.

फोनवर उत्तर का देत नाही, तर फोन माझा नाही. आणि फोनवर बोललेलं माणूस पुढे सोयीने विसरतं. हे पत्र मी मोलगीवरून जाणाऱ्या जीपवाल्याकडे देईन, तो तळोद्याला पोस्टात टाकेल. पोहोचेल तेव्हा पोहोचेल. मला कसलीच घाई नाही.

आयुष्य बदलायला सुरुवात तुम्हीच केलीत. मागच्या वर्षी मी अकरावीत होते. तळोद्याच्या आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही माझ्यापुढे तीन पत्रकं टाकलीत. एक मुंबईचं, त्याची फी वाचूनच मी ते उलटं ठेवलं. दुसरं परदेशातल्या विद्यापीठाचं, घरबसल्या संगणकावर. आमच्या घरी बसून शिकायचं तर आधी वीज यायला हवी. तिसरं पुण्याचं, मे महिन्यात तीन आठवडे, राहणं, जेवण, गाडीभाडं सगळं त्यांचं. तुम्ही म्हणालात, "निवड तुझी आहे हं, धनु. नीट विचार कर." मी विचार करायला घेतला तोवर तुम्ही पुण्याचा अर्ज उघडून माझं नाव टाकलंसुद्धा.

मलाही पुण्याचंच हवं होतं, ते कबूल. पण त्यांची एक अट होती. एका शाळेतून एक मुलगा आणि एक मुलगी, दोघं मिळून. मुलगी मी आणि मुलगा इंद्रसिंग पाडवी, आमच्या खालच्याच पाड्यावरचा. समान संधी, असं त्या पत्रकात छापलं होतं.

मग तो निबंध. 'तुला या शिबिरात का यायचं आहे?' मी लिहिलं होतं की आमच्या वरच्या शेतातल्या मातीत नागली येते आणि खालच्या शेतातल्या मातीत किडते, माती तर एकाच डोंगराची आहे, मग आत वेगळं काय आहे ते मला पाहायचं आहे. तुम्ही वाचलंत आणि म्हणालात, "छान आहे गं, पण यात तू कुठे आहेस? तुझा संघर्ष कुठे आहे?" दुसऱ्या दिवशी निबंध तयार होता. त्यात माझा बाप दारू पिऊन मला मारत होता आणि मी चिमणीच्या उजेडात पुस्तकं लपवून वाचत होते. मॅडम, माझा बाप बाज्या वसावे मोहाच्या फुलांची महू पितो, सगळेच पितात, पण त्याने आजवर माझ्यावर हात उचलला नाही. मी तसं म्हटलं तर तुम्ही हसलात. "अगं, अर्ज असाच लिहायचा असतो. समितीला थोडं हलवावं लागतं." समिती हलली. शिबिरात पहिल्याच दिवशी जेवताना नाशिकची एक मुलगी मला हळूच विचारत होती, बाबा अजून मारतात का? मी वरणाच्या वाटीत बघत बसले. काय सांगणार होते?

मुलाखतीचं तर तुम्हाला माहीतच आहे. होळीच्या सुट्टीत आम्ही घरी आलेलो आणि मुलाखत फोनवर. पाड्यात रेंज नाही. रेंज मिळते ती काठी गावाच्या वाटेवरच्या मोठ्या खडकावर. फोन एकच, इंद्रसिंगचा. म्हणून आधी तो बोलला आणि मी शेजारी बसले, मग मी बोलले आणि तो शेजारी बसला. दुपारभर आम्ही त्या खडकावर, आणि खालून अख्खा पाडा बघतोय. त्यांना काय दिसलं असेल, जरा डोळ्यांपुढे आणा. मला तेव्हा नाही आणता आलं, मी तर जिवाणू म्हणजे काय ते सांगण्यात दंग होते.

आता फोटोचं. गणवेश माझ्याकडे नाही. जूनपासून मी शाळेतच नाही. पंचांनी माझं लग्न ठरवून टाकलं आहे, इंद्रसिंगशी. त्याने आपल्या मनोगतात हे लिहिलं नसेल. लिही म्हणावं त्याला.

धनु


२९ जानेवारी २०२६

यामिनी मॅडम,

तुमचं उत्तर आलं, त्याच फोनवर. "अरे वा! अभिनंदन! कळवलंसुद्धा नाहीस! इंद्रसिंग गुणी मुलगा आहे. पण शिक्षण सोडू नकोस हं."

मी इंद्रसिंगला म्हटलं, पुन्हा वाच. त्याने पुन्हा वाचलं. मग मी खूप हसले आणि माझी आई दिवलीबाई चुलीजवळून बघायला लागली, की पोरीला झालं काय.

तुम्हाला खरंच कळलं नाही, की कळून घ्यायचं नाही? बरं, उकलून सांगते.

निघायच्या आदल्या आठवड्यात तुम्ही म्हणाला होतात, "घरी तुम्ही काही बोलू नका, गोंधळ होईल. मी स्वतः पाड्यावर येते आणि दोघांच्या आईवडिलांना समजावते." मी आईला सांगून ठेवलं होतं, शाळेतल्या त्या म्हसावद गावच्या मॅडम येणार आहेत. आईने अंगण सारवलं, कोंबडी बाजूला काढून ठेवली. तुम्ही आला नाहीत. त्या दिवशी तुमची पुण्यात नोकरीची मुलाखत होती, ते मला नंतर शिबिरातच कळलं. सातपुड्यातून दोन मुलं निवडून आणली, ही तुमची मोठी कामगिरी म्हणून तिथे सांगितली गेली. त्याच संस्थेत तुम्ही आज आहात. चांगलं झालं तुमचं.

मग बापाला मीच सांगितलं. पुण्याला शाळेत जाते, तीन आठवड्यांनी येते. तो म्हणाला, "मे महिन्यात कसली शाळा?" आणि यात त्याचं काय चुकलं? शाळा मे महिन्यात बंद असते हे आमच्या पाड्यातल्या शेळ्यांनासुद्धा माहीत आहे. मास्तर गावाला जातात, वसतिगृहाला कुलूप लागतं, पोरं घरी येतात. पावसाळा आहे, होळी आहे, तशी ती सुट्टी. सुट्टीतली शाळा हे आजवर कुणी ऐकलेलं नाही. जो सुट्टीत शाळेत जातो म्हणतो तो दुसरीकडे कुठेतरी जातोय, एवढं कुणालाही कळतं.

सकाळी मी पिशवी घेऊन निघाले. जीपमध्ये इंद्रसिंग आधीच बसलेला, त्याचीही पिशवी. जीपवाला तळोद्याचा, तो आरशातून बघून म्हणाला, "कोठे चालनात रे दोन्ही जन?" इंद्रसिंग म्हणाला, पुण्याला. जीपवाला हसला. जीपमधल्या बायाही हसल्या. मी पण हसले, मला वाटलं पुण्याला जायचं म्हणून सगळे खूश आहेत. काय मूर्ख होते मी!

आमच्याकडे मुलगी मुलाबरोबर निघून गेली तर तोंड लपवत नाहीत, मॅडम. त्याला रीत आहे. दोन्हीकडचे पंच बसतात, मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देतात (तुमच्या गुजर लोकांत उलटं देतात, असं तुम्हीच एकदा वर्गात सांगितलं होतंत), बकरं कापतात, महू पितात आणि पोरं परत येईपर्यंत लग्न झालेलं असतं. कुणी कुणाला मारत नाही, कोंडत नाही. आम्ही पुण्यात असताना हे सगळं झालं. मी तिकडे काचेच्या बशीत आमच्या दोन शेतांच्या मातीतून काय काय उगवतं ते बघत होते. खालच्या शेताच्या बशीत एक काळी बुरशी आली, वरच्या शेताच्या बशीत ती नाहीच. तिथले सर म्हणाले, याचं पुढे काम करायला हवं, दुसऱ्या टप्प्यात पुढच्या उन्हाळ्यात तू परत ये. इतकी मी आयुष्यात कधी खूश झाले नव्हते. आणि त्याच आठवड्यात इकडे माझ्या लग्नाचं बकरं शिजत होतं.

पण त्याआधी एक गोष्ट झाली, आणि ती तुम्हाला माहीत आहे. माझ्या बापाच्या मनात शंका होती. तो पंचांत उठून म्हणाला, पोरगी खोटं बोलत नाही, एकदा बाईला विचारू. मग सगळे मिळून त्या खडकापर्यंत गेले आणि जीपवाल्याच्या फोनवरून तुम्हाला फोन लावला. आवाज मोठा करून, सगळ्यांना ऐकू येईल असा. शाळेच्या शिपायाकडून नंबर घेतला होता. बापाने आपल्या मोडक्या मराठीत विचारलं, "बाई, धनु शाळेच्या कामाला गेली का? तुम्ही नेली का?" आणि तुम्ही म्हणालात, "सुट्टीत मुलं कुठे जातात ते शाळेला माहीत नसतं. मला यात ओढू नका." आणि फोन ठेवलात.

का म्हणालात, तेही मला आता कळलंय. शिबिराच्या कार्यालयात आमची कागदपत्रं होती, पालकांचं संमतीपत्र वर लावलेलं. त्यावर माझ्या बापाचा अंगठा होता. मॅडम, माझा बाप सही करतो. वाकडीतिकडी करतो, पण करतो. डोंगरातला म्हणजे अंगठाच, असं तुम्ही परस्पर ठरवलंत. तो अंगठा कुणाचा होता? तुमचा स्वतःचा? मुलं घरच्यांना न विचारता नेली हे उघडं पडलं असतं, तर पुण्याची नोकरी गेली असती, एवढंच ना?

अभिनंदन म्हणे!

धनु


१० फेब्रुवारी २०२६

मॅडम,

आज बारावीचा पहिला पेपर. इंद्रसिंग परीक्षेसाठी परत तळोद्याच्या वसतिगृहात गेलाय, आत्ता इंग्रजीचा पेपर लिहीत असेल. मी सकाळपासून महुवाच्या झाडाखालचं गवत साफ करतेय, म्हणजे फुलं पडली की वेचायला सोपं.

तुम्ही विचारलंत, "मग शाळा का सोडलीस? लग्न झालं तरी शिकता येतं." जूनमध्ये मी गेले होते वसतिगृहात, पेटी घेऊन. रेक्टर प्रमिलाबाई दारातच उभ्या राहिल्या. "तुन्हं लगीन व्हई गयं ना व? मंग आठे काय करी ऱ्हायनी? आठे कुवाऱ्या पोरी ऱ्हातीस." इथे बिनलग्नाच्या मुलीच राहतात म्हणे. मी सांगत होते की लग्न नाही झालं, चूक झालीय, त्या ऐकेनात. इंद्रसिंगची पेटी मुलांच्या वसतिगृहात कधीच गेली होती. लग्न आम्हा दोघांचं आणि वसतिगृह फक्त माझं सुटलं. बापाला म्हटलं शाळेत चल, तर तो म्हणाला, आता तू त्यांच्या घरची, त्यांना सांग. त्यांच्याकडे गेले तर इंद्रसिंगची आई म्हणाली, आधी घरात तर ये, मग बघू. मी त्यांच्या घरात पाऊल टाकलेलं नाही. बापाच्या घरी राहते आणि बापाचा माझ्यावर काही हक्क उरलेला नाही. बसा आता.

कायद्याने हे लग्नच नाही, हे मलाही कळतं. मी गेल्या मार्चमध्ये अठराची झाले, पण तो एकोणीसचाच आहे, मुलाला एकवीस लागतात. तुमच्यासारखी पुण्यातली माणसं लगेच म्हणतील पोलिसात जा. पण मला पाड्यावर राहायचंय, कायद्यात नाही. ज्यांच्याबरोबर मी होळीला नाचते त्या माणसांना मी पोलिसात देणार नाही.

इंद्रसिंगबद्दल सांगते, कारण तुम्ही त्याला गुणी म्हणालात. तो वाईट नाही. मला तो मुळीच आवडत नव्हता असंही नाही, उगाच कशाला खोटं बोलू. परत आल्यावर त्याने पंचांना सांगितलं की आम्ही शाळेतच होतो. पंच हसले, सगळे पोरगे असंच सांगतात म्हणाले. त्याने दुसऱ्यांदा नाही सांगितलं. त्याची आई खूश होती, घर खूश होतं, त्यालाही काही तोटा नव्हता. मला म्हणाला, "तू ये घरी, मी तुला शिकवीन." शिकवीन म्हणे! भौतिकशास्त्राच्या आकृत्या मी काढून द्यायचे याला. त्याला मी कदाचित उद्या स्वतःहून हो म्हटलंही असतं. पण मी झोपेत असताना कुणीतरी माझ्या वतीने हो म्हणून टाकल्यावर मला त्याच्याकडे बघायचीसुद्धा इच्छा उरलेली नाही. आणि आता शिबिराच्या दुसऱ्या टप्प्याला तो जाणार आहे. माती माझी, बशी माझी, जाणार तो.

आता कामाचं लिहिते. माझा सगळा राग बाजूला ठेवून लिहिते, तेव्हा नीट वाचा.

जात्र्या डाया आमच्या पाड्यातला सगळ्यात वडीलधारा, पंचांत त्याचा शब्द शेवटचा. मी महिनाभर त्याच्या मागे लागले. तो म्हणाला, रीत अशी आहे की मुलीला दुसऱ्याच कुणी दुसऱ्याच कामाला नेलं असेल, तर त्या नेणाऱ्याने पंचांसमोर येऊन स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मग ठरलेलं मोडतं, देज परत जातं, कुणाची बेअब्रू होत नाही. पण हे होळीच्या आत. होळीनंतर मुलगी सासरी पोचवतात आणि मग ते पक्कं होतं. काठीच्या होळीच्या आधी पंच बसणार आहेत.

तुम्ही म्हणता, "मी संस्थेच्या लेटरहेडवर, शिक्का मारून पत्र पाठवते." मॅडम, पंच कागदाला विचारत नाहीत. कागदाला डोळे नसतात, तो खोटं बोलताना खाली बघत नाही, असं जात्र्या डाया म्हणतो. फोनही नको. फोनवर तुम्ही एकदा बोललात, तेवढं पुरे.

तुम्ही या. एक दिवस. "मी नेलं होतं, शिकायला नेलं होतं, पोराचा यात संबंध नाही." एवढंच म्हणायचं आहे, मराठीत म्हणा, आमच्या बोलीत कुणीतरी सांगेल. हे झालं तर वसतिगृह मला घेईल, जूनमध्ये बारावीच्या वर्गात बसेन, मे महिन्यात दुसऱ्या टप्प्याला जाईन. नाही झालं तर होळीनंतर मी त्या घरात असेन. मी तुमच्याकडे दुसरं काही मागत नाही. तुमच्या पाया पडते म्हणून लिहिणार होते, पण नाही लिहीत.

धनु


१ मार्च २०२६

मॅडम,

तुम्ही आलात. मला वाटलं नव्हतं. पांढरी गाडी वळणावर दिसली तेव्हा मी आईला मिठी मारली.

मग गाडीतून कॅमेरा उतरला. धर्मेंद्र सर, संस्थेची फिल्म करणारे. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून आधी त्यांच्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "धनु, आपण घरासमोर चालत येतानाचं घेऊया." मी चाललेही. काय करणार, गरज माझी होती.

पंचांत काय झालं ते तुमच्यासमोरच झालं, पण बोलणं सगळं आमच्या बोलीत होतं आणि तुम्ही मध्येच निघालात. अर्धं तुम्हाला कळलंच नाही, म्हणून लिहिते. तुमचं बोलणं इंद्रसिंग आमच्या बोलीत करून सांगत होता. त्याच्या मनात असतं तर तो तिथे काहीही सांगू शकला असता, कुणाला कळलं असतं? त्याने तुमचा एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. तेवढं त्याचं मानते.

तुम्ही छान बोललात. "शिक्षण हा मुलींचा हक्क आहे," वगैरे. जात्र्या डायाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "नेली कुणी?" तुम्ही म्हणालात, "शिबिराने निवड केली." त्याने पुन्हा विचारलं, "नेली कुणी?" तुम्ही म्हणालात, "संस्थेने." मी बायकांच्या मागे उभी होते आणि मनात म्हणत होते, म्हणा हो, मी नेलं म्हणा, दोनच तर शब्द आहेत! शेवटी तुम्ही म्हणालात, "हो, म्हणजे मीच मार्गदर्शन केलं." ठीक आहे, तेवढ्यावरही भागलं असतं.

पण मग त्याने विचारलं, "उन्हाळ्यात आम्ही फोन केला तेव्हा तुम्ही माहीत नाही म्हणालात. तेव्हाचं खरं की आजचं?"

इंद्रसिंगने ते तुम्हाला मराठीत सांगितलं आणि तुम्ही कॅमेऱ्याकडे बघितलंत. मी बघितलं, तुम्ही कॅमेऱ्याकडे बघितलंत. आणि म्हणालात, "असा कुठला फोन मला आलाच नव्हता."

मॅडम, त्या खडकावर तेव्हा जी माणसं उभी होती तीच सगळी काल तुमच्यासमोर बसली होती. प्रत्येकाने तुमचा आवाज कानाने ऐकला होता. माझा बाप उभा राहिला आणि परत खाली बसला. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. तुम्ही घड्याळ बघितलंत, अंधार पडायच्या आत घाट उतरायला हवा म्हणालात, आणि मला जवळ घेऊन म्हणालात, "मी माझ्या परीने केलं गं." गाडी गेली. मी घराच्या मागे जाऊन भिंतीला पाठ लावून बसले. संपलं, असंच वाटलं. होळी दोन दिवसांवर, आणि माझी साक्षीदार सगळ्यांदेखत खोटी पडलेली. तुम्हाला इतक्या शिव्या दिल्या, की त्या लिहायला मराठीत शब्द नाहीत, आमच्या बोलीत आहेत.

आता पुढचं ऐका. पंच उठले नव्हते. कुणीतरी म्हणालं, बाई खोटारडी, तिचं काही धरू नका, पोरगी पोचवा. तर जात्र्या डाया म्हणाला, थांबा. त्याने इंद्रसिंगला पुढे घेतलं. "परत आलास तेव्हा तू लपलास का?" नाही. "जाताना लपलास?" नाही, सगळ्यांदेखत जीपमध्ये बसलो. मग तो पंचांना म्हणाला, आपल्यात जो पोरगी नेतो तो लपत नाही. घरी येतो, सांगतो, देज देतो, उजळ माथ्याने फिरतो. हा पोरगा लपला नाही, कारण याने नेलीच नाही. लपली कोण? बाई लपली. उन्हाळ्यात लपली, आज आपल्यासमोर बसून लपली. ज्याने काही नेलेलं नाही तो कशाला लपेल? म्हणजे पोरगी बाईने नेली.

मग एकेक जण हो म्हणत गेला. माझ्या बापाने त्याच संध्याकाळी इंद्रसिंगच्या घरून देजात आलेल्या शेळ्या सोडून त्यांच्या दारात नेऊन बांधल्या आणि चांदीची कडी परत केली. इंद्रसिंगची आई रडली, मलाही वाईट वाटलं. मी मोकळी झाले, मॅडम. तुमच्या खऱ्याने होणार होते, ती तुमच्या खोट्याने झाले.

आता उरलेला निकाल. जो नेतो आणि सांगत नाही त्याला आमच्याकडे दंड असतो. तो तुम्हाला लागला आहे. एक बकरं, पंचांना महू, आणि सगळ्यांबरोबर खाली बसून, जेवून, तोंडाने म्हणायचं, "मी नेलं आणि मी लपले." कॅमेरा नको, असं वेगळं सांगितलं आहे. हे होत नाही तोवर या पाड्यातलं एकही पोर सुट्टीतल्या शाळेला जाणार नाही. तुमच्या नाही आणि दुसऱ्या कुणाच्याही नाही. इंद्रसिंगलाही अडवलंय, त्याने मान खाली घालून ऐकलं. दहावीतल्या दोघी यंदा अर्ज लिहून बसल्या होत्या, मीच त्यांना मातीबद्दल लिहायला सांगितलं होतं. त्यांच्या आयांनी ते कागद चुलीत घातले.

मी डायाला म्हटलं, मग मी कशी जाणार? माझी बशी तिथे आहे, सरांनी बोलावलंय. जूनमध्ये वसतिगृहात जा, बारावी कर, त्याला आमची ना नाही, तो म्हणाला. शाळा शाळेच्या दिवसांत. पण मे महिन्यात नाही.

मग मी म्हटलं, बाईचा दंड मी भरते. महू वेचून विकेन, बकरं आणेन, बाईच्या वतीने मीच पंचांत बसून म्हणेन, मी नेलं, मी लपले. मला जाऊ द्या.

तो म्हणाला, "नेणारीचा दंड नेलेलीने भरायचा नसतो, पोरी."

म्हणून हे पत्र. दुसऱ्या टप्प्याच्या अर्जाची मुदत ३१ मार्चला संपते, ते तुम्हीच छापलं आहे. तुम्ही येणार नाही, हे मला माहीत आहे. तरी जीप रोज दुपारी वर येते, आणि मी रोज बघते.

धनु बाज्या वसावे